भिंतींच्या आधी आलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. दार-एस-सलाम शहराच्या टोकाला गोंगो ला म्बोटो नावाचा भाग आहे, तिथल्या चढावर एका लाल मातीच्या अंगणात माझे घर आहे. मित्रांनो, दरवाजाने स्वतःची गोष्ट सांगायची म्हणजे जरा अवघडच. आमची सवय ऐकून घेण्याची. माणसे आमच्यासमोर भांडतात, आम्हाला टेकून रडतात, आमच्या आडून दुसऱ्याचे बोलणे ऐकतात, आणि आम्ही गप्प. पण माझी गोष्ट चारचौघांसारखी नाही, म्हणून सांगतो. इतर दरवाजे घर बांधून झाल्यावर येतात. मी आधी आलो. भिंती, छप्पर, पाया, इतकेच काय, घराखालची जमीनसुद्धा माझ्यानंतर आली.

माझे लाकूड म्निंगाचे. तुमच्याकडच्या बिबळा नावाच्या झाडाचा हा भाऊबंद. कुऱ्हाड लागली की त्याच्या सालीतून रक्तासारखा तांबडा चीक येतो. केको भागात रस्त्याच्या कडेने सुतारांची दुकाने ओळीने आहेत, तिथे चांडेमिस्त्रींनी मला घडवले. मिस्त्री बोलायला तुसडे, पण हाताला देवाने गुण दिलेला. त्यांनी माझ्या फळ्या पुष्कळ दिवस सावलीत वाळवल्या, मग रंधा मारला, मग सांधे असे बसवले की मधून केससुद्धा जाऊ नये. वरच्या दोन चौकटींत त्यांनी लवंगेच्या कळ्यांची नक्षी कोरली. दुकानासमोर उभा केल्यावर येणारेजाणारे थबकत आणि माझ्या अंगावरून हात फिरवत. मला तेव्हा वाटे की आपण एखाद्या बड्या व्यापाऱ्याच्या बंगल्याला लागणार. गर्वाचे घर खाली म्हणतात, माझ्या बाबतीत तर घरच नव्हते.

मला विकत घेतले झुहूराने. ती मान्झेसेच्या वस्तीत भाड्याच्या एका खोलीत राहायची आणि शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत तिचा नंबर लागला आणि ती तडक केकोला आली. आमच्या शहरात रीतच आहे, घर एकदम कोणी बांधत नाही. आज थोड्या विटा, पुढच्या वर्षी चार पत्रे, कधी एखादी खिडकी. तरी सुरुवात दरवाजापासून करणारी झुहूरा पहिलीच असेल. मिस्त्रींनी तिला विचारले की चौकट केवढी आहे. ती म्हणाली की चौकट अजून नाही. भिंत केवढी आहे? भिंत नाही. जमीन कुठे आहे? तीही नाही. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली.

"बाई, एक ऐका," ते म्हणाले. "भिंत मिळेस्तोवर ह्याला पावसात ठेवू नका. लाकूड मेलं तरी पाणी प्यायचं सोडत नाही."

हातगाडीवरून मी मान्झेसेत आलो तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. एकीने विचारले, "काय गं झुहूरा, दरवाजा आणलास, आता घराला बोलावणं धाडणार होय?" झुहूरा हसली आणि म्हणाली की हातात पैसा ठेवला की वितळतो, लाकूड वितळत नाही. एवढे बोलून तिने मला आत घेतले. खोली इतकी लहान की मला उभा ठेवला तर तिचे शिवणाचे मशीन बाहेर जाई. मग तिने मला दोन खोक्यांवर आडवा टाकला. माझ्यावर कापड बेतायचे, इस्त्री करायची, जेवणाची ताटे मांडायची. दुपारी तिची छोटी शानी माझ्यावर झोपायची. मला पहिले काही दिवस फार अपमान वाटला. म्निंगाचा दरवाजा, लवंगेच्या कळ्या, आणि पोटावर मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचे पातेले. पुढे पुढे सवय झाली. खरे सांगायचे तर झोपलेल्या मुलाचा उबदार भार अंगावर असला की लाकडालाही बरे वाटते.

झुहूराचा नवरा इदी बंदरावर क्रेन चालवायचा. सकाळी सातला त्याची पाळी सुरू होई आणि दुपार कलल्यावर सुटे. मान्झेसेहून बंदर जवळ, त्यामुळे तो उजेडी घरी यायचा. आला की मला पाठ टेकून जमिनीवर बसायचा आणि शानीला पोटावर घ्यायचा. ती त्याच्या तोंडात बोटे घालायची, कान ओढायची, आणि दिवसभरात पाहिलेले कोंबडीपासून कंडक्टरपर्यंत सगळे सांगायची. तो प्रत्येक गोष्टीला "मग काय झालं?" असे विचारायचा. मशीन चालवता चालवता झुहूरा त्या दोघांकडे बघायची आणि तिची शिवण वाकडी जायची.

एके दिवशी घरमालक आले. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते, खोली हवी होती. माणूस भला होता, पावसाळा संपेपर्यंतची सवड दिली. आता जमीन बघणे भाग होते. त्या संध्याकाळी इदी मला टेकून बसला. मग त्याने झुहूराला आपल्या वडिलांचे सांगितले. ते सिसलच्या, म्हणजे घायपाताच्या, मळ्यावर कामाला होते. पहाटे जायचे, आले की चटईवर कोसळायचे. इदी आठ वर्षांचा असताना ते वारले.

"मला त्यांचा चेहरा आठवतो," तो म्हणाला. "पण झोपलेला. डोळे कसे होते, सांगता येत नाही. शानीची आई, घर लहान असू दे, छप्पर गळू दे. पण ह्या पोरीला तिचा बाप जागा दिसला पाहिजे."

झुहूरा म्हणाली, "माझं मशीन कुठंही चालतं. तुमचं बंदर काही चालत आपल्याकडे येणार नाही. बंदराच्या हिशेबानं जागा बघा."

त्यांनी पुष्कळ जागा बघितल्या. खाडीपलीकडची जागा डोळ्यांसमोर दिसायची, पण मधे बोट. बोट बंद पडली की इदी या काठावर आणि क्रेन त्या काठावर. बंदराजवळच्या जागांच्या किमती ऐकून तर त्यांनी तिकडे मान वर करून बघितलेही नाही. मग मकामे नावाचा दलाल आला. हा जिभेवर खडीसाखर ठेवूनच बोलायचा. पण तो लबाड नव्हता हो, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने एका रविवारी मित्राची गाडी मागून आणली आणि तिघांना पुगू रस्त्याने नेले. आमच्याकडे जमिनी रविवारीच दाखवतात. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते, आणि रस्त्यालाही असते. कोणी चर्चमध्ये, कोणी घरी पाय पसरून. गाडी वाऱ्यासारखी गेली.

परत आल्यावर इदीचा आनंद खोलीत मावेना. उकोंगा भागात रस्त्याला लागूनच जागा होती, समोर बसचा थांबा. दारातून पाय काढला की बसमध्ये. बंदर ते शहराचे टोक या वाटेवर उकोंगा मध्यावर येते, म्हणजे टोकाला राहणाऱ्यांच्या मानाने निम्मेच अंतर. मकामेने पुढे टोकाला, गोंगो ला म्बोटोला, आणखी एक मोठी आणि स्वस्त जागा दाखवली होती. इदी गाडीतून उतरलासुद्धा नाही. एवढ्या लांब कोण राहील, असे तो म्हणाला. झुहूराला नवऱ्याचा आनंद बघून बरे वाटले, पण ती दोनदा म्हणाली की एकदा कामाच्या दिवशी जाऊन बघू. इदीने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आमच्याकडे अशीही एक चाल आहे की जागा ठरली आणि कागद व्हायचा राहिला, तर तिथे आपली काहीतरी खूण ठेवायची. कोणी विटांचा ढीग टाकतो, कोणी वाळू. इदीकडे विटा नव्हत्या, वाळू नव्हती. मी होतो. झुहूरा म्हणाली की पावसाचे दिवस आहेत, मिस्त्रींनी बजावले आहे. इदी म्हणाला, आठवड्याचाच तर प्रश्न आहे, शनिवारी सह्या होतील. मला पुन्हा हातगाडीवर चढवले आणि उकोंग्याच्या त्या जागेवर एका कडुनिंबाला टेकवून उभे केले. समोरच किदावामावशी विटुंबुआ तळत बसायची. विटुंबुआ म्हणजे तांदळाचे गोड आप्पेच म्हणा. इदीने तिला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि तो गेला.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी एकटा पडलो. पहिल्याच दिवशी पाऊस आला आणि मिस्त्रींनी एवढे जपून बसवलेले माझे सांधे पाणी पिऊ लागले. बकऱ्या येऊन माझ्या अंगाला अंग घासायच्या. कोणीतरी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला. लवंगेच्या कळ्यांत चिखल बसला. मला फार वाईट वाटे. मात्र माझे तोंड रस्त्याकडे होते, म्हणून मला एक गोष्ट दिसली जी रविवारच्या गाडीतून कोणालाच दिसली नव्हती.

तांबडे फुटायच्या आधीच थांब्यावर माणसे जमायची. मग टोकाकडून दालादाला यायची. दालादाला म्हणजे आमची छोटी बस. ती येताना दिसे, माणसे पुढे सरसावत, आणि ती न थांबता निघून जाई. आत पाय ठेवायला जागा नसे, दारात माणसे लोंबकळत. दुसरी तशीच. तिसरी तशीच. गाड्या रात्री टोकावर मुक्कामाला असायच्या, आणि सकाळी टोकाच्या माणसांनी भरूनच निघायच्या. मधल्यांना कोण विचारतो? पण थांब्यावरचे जाणते लोक इथे उभेच राहत नसत. ते रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जात आणि शहराकडून येणारी उलटी गाडी पकडत. तिने टोकापर्यंत मागे जायचे, भाडे द्यायचे, गाडी वळली की तीतच बसून पुन्हा भाडे देऊन शहराकडे यायचे. म्हणजे पुढे जाण्यासाठी आधी मागे. हातात डबा घेतलेले म्हातारे, पाठीला मूल बांधलेल्या बाया, सगळे उलट्या दिशेने कामाला निघालेले.

हे माझ्या ध्यानात आले आणि माझा जीव तळमळला. इदी, अरे, इकडे बघ, असे ओरडावेसे वाटले. पण मला कडी आहे, कुलपाची जागा आहे, तोंड तेवढे नाही.

गुरुवारी रात्रभर धो धो कोसळले. शुक्रवारी पहाटेच झुहूरा आली. पाठीवर शानी आणि काखेत प्लॅस्टिकचा मोठा कागद. माझी अवस्था बघून तिने तोंडावर हात ठेवला. मी फुगलो होतो आणि खालच्या चौकटीत एक चीर गेली होती. तिने पदरासारखी गुंडाळलेली आपली कांगा सोडली, मला पुसले, कागद बांधला आणि मग किदावामावशीजवळ दम खायला बसली. तेवढ्यात बंदराचा निळा गणवेश घातलेला एक माणूस रस्ता ओलांडून उलट्या गाडीत चढला.

"मावशी, ह्यांची रात्रपाळी सुटली वाटतं," झुहूरा म्हणाली.

"सुटली कसली? आत्ता कामाला निघालेत." मावशीने विटुंबुआ उलटला. "इथून गाडीत कोण घेतोय? मागं जाऊन वळून यावं लागतं. आमच्याकडची कोंबडी टोकाच्या कोंबडीआधी उठते."

मावशीने दिलेला गरम विटुंबुआ झुहूराने हातातच धरून ठेवला. ती थांब्याकडे बघत राहिली. एक गाडी गेली, दुसरी गेली. मग तिने शानीला पुन्हा पाठीवर बांधले, रस्ता ओलांडला आणि तीही उलट्या गाडीत चढली. दुपारी परत आली तेव्हा तिची पावले लाल चिखलाने माखली होती. ती गोंगो ला म्बोटोचा चढ चढून ती दुसरी जागा बघून आली होती. मला तिने काही सांगितले नाही, पण माझा कागद पुन्हा घट्ट बांधताना तिचे हात स्थिर होते.

शनिवारी माझ्यासमोर तमाशा झाला. मकामे आला, वस्तीचे अध्यक्ष आले, दोन साक्षीदार आले. इदी इस्त्रीचा शर्ट घालून आला. आणि झुहूरा म्हणाली की आज सही नको.

इदीचा चेहरा उतरला. चारचौघांत बायकोने अडवले, हे त्याला लागले. तो हळू आवाजात पण दात आवळून बोलला की घरी का नाही सांगितलेस. तिने सांगितले की काल रात्री दोनदा सांगितले होते, त्याने ऐकले नाही. तेही खरे होते. मकामे म्हणाला की जागेला दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. दलालांकडे दुसरे गिऱ्हाईक नेहमीच तयार असते.

"माझं एकच म्हणणं आहे," झुहूरा म्हणाली. "उद्या रात्री आपण इथं मावशीच्या ओसरीत राहू. सोमवारी तुम्ही इथून कामाला जा. जाऊन, काम करून, परत या. मग तुम्ही म्हणाल तिथं सही करू. मी परत तोंड उघडणार नाही."

अध्यक्ष वयस्क होते. त्यांनी छत्री उघडली आणि म्हणाले की जमीन कुठे पळून जात नाही, सोमवारी संध्याकाळी या.

सोमवारची सकाळ मी कधी विसरणार नाही. काळोखातच इदी थांब्यावर येऊन उभा राहिला, सगळ्यांच्या पुढे. त्याचा अजून पक्का विश्वास होता. पहिली गाडी गेली तेव्हा तो हसला. दुसरी गेली तेव्हा त्याने हात केला. तिसऱ्या गाडीमागे तो पळाला आणि चिखलात घसरता घसरता वाचला. मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "भाऊ, नवीन दिसताय. पलीकडं चला." इदीने मान हलवली. पुढे जायला मागे कशाला जायचे, असे तो मोठ्याने म्हणाला. त्या माणसाने खांदे उडवले आणि तो गेला. हळूहळू थांबा रिकामा झाला. उजाडू लागले. इदी एकटा राहिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. कदाचित कडुनिंबाकडे पाहिले असेल, पण मला वाटले माझ्याकडेच. मग त्याने विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि रस्ता ओलांडला.

दुपारी येणारा इदी त्या दिवशी उशिरा आला. उशीर झाला म्हणून मुकादमाने त्याला सुट्टीनंतर थांबवून घेतले होते. उन्हे अजून होती. शानी माझ्या पायाशी बसून चिखलाच्या चपात्या करत होती. बाप दिसताच ती धावली आणि नेहमीसारखी सांगायला लागली. आज बकरीने मावशीचे पीठ खाल्ले. इदी माझ्या अंगाला पाठ लावून बसला, तिला पोटावर घेतले आणि म्हणाला, "मग काय झालं?" शानी सांगत होती. बकरी पळाली, मावशी मागे पळाली. "मग काय झालं?" हे तो दुसऱ्यांदा म्हणालाच नाही. त्याची मान कलली होती.

शानीने थोडी वाट पाहिली. मग तिने चिखलाने भरलेली दोन बोटे त्याच्या पापणीवर ठेवली आणि ती वर उचलायला बघू लागली. एक डोळा उघडला की दुसरा मिटे. "बाबा, बकरीचं राहिलं," असे ती म्हणत होती. तिला तो खेळ वाटला असावा. झुहूरा ओसरीतून हे बघत होती आणि ती उठून आली नाही.

इदी दचकून जागा झाला. त्याने पोरीचा हात धरला, तिच्या चिखलाच्या बोटांकडे पाहिले, आणि त्याला सगळे एकदम कळले. त्याचे डोळे भरून आले. माझ्या फळ्यांना त्याच्या पाठीची थरथर लागत होती, म्हणून मी सांगतो, ते पावसाचे पाणी नव्हते.

थोड्या वेळाने तो झुहूराला म्हणाला, "येताना जाताना उभाच होतो, उशिरा सुटल्यानं परतीच्या गाडीतही दाटी. सकाळी उलट्या गाडीतही बसायला मिळालं नाही, आधीच्या थांब्यांवरचे येऊन बसलेले. टोकावर एक जागा रिकामी झाली, मी सरकेपर्यंत बंदरातलाच एक माणूस चढून तिथं बसला. अंघोळ केलेला, चहा प्यालेला. मी त्याच्या डोक्यावर लोंबकळतोय, आणि तो मला विचारतो, तुमचं घर फार लांब आहे का?"

झुहूराला हसू आवरेना. मग इदीलाही आवरेना. शानी दोघांकडे बघून हसू लागली.

"त्यानं बसल्या बसल्या काय केलं?" झुहूराने विचारले.

"झोपला. बंदर येईपर्यंत घोरत होता."

"मग तुम्हीही घोरा की," ती म्हणाली. "गाडीत झोपा आणि घरी जागे राहा. मी जागा बघून आलेय. पाणी लांबून आणावं लागेल. चढ आहे. पण गाड्या तिथूनच सुटतात, आणि बंदराकडूनही सुटतात. दोन्ही टोकांना तुम्हाला बसायला मिळेल."

संध्याकाळी अध्यक्षांसमोर इदीने स्वतःच सांगितले की आपली चूक झाली. मकामेच्या तर दोन्ही हातांत लाडू होते, टोकाची जागाही त्याच्याकडेच होती. त्याने उकोंग्याच्या जागेसाठी घेतलेला इसारा तिकडे वळवून दिला. सह्या झाल्या त्या गुरुवारी, भर कामाच्या दिवशी. मकामेने मान्य केले की इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी जमीन दाखवायची त्याच्यावर पहिल्यांदाच पाळी आली.

मी पुन्हा हातगाडीवर चढलो आणि या चढावर आलो. पाया झाला, मग काही महिने नुसता पायाच. मग भिंती छातीपर्यंत आल्या. तोवर ते तिघे तिथल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि मीही तिथे, कोरडा, त्यांच्या भांड्याकुंड्यांच्या बरोबर राहिलो. शेवटी चौकट उभी राहिली तेव्हा चांडेमिस्त्री स्वतः केकोहून आले. माझी चीर बघून त्यांनी इदीला जे काही ऐकवले ते मी इथे सांगत नाही. त्यांनी चीर बुजवली, रंधा मारला, बिजागऱ्या ठोकल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलो आणि मिटलो. इतके दिवस टेबल, पलंग आणि खूण होऊन राहिलो होतो, त्या क्षणी मी दरवाजा झालो.

त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. शानी बारा वर्षांची आहे. माझा रंग उडाला, खालची कड वाळवीने थोडी खाल्ली, नक्षीतल्या दोन कळ्या झिजून सपाट झाल्या. उकोंग्याच्या त्या आठवड्यात प्यायलेले पाणी माझ्या अंगातून पुरते गेलेच नाही. पावसाळा आला की मी फुगतो आणि चौकटीत घट्ट बसतो. आतून एकट्याने ओढून उघडत नाही, बाहेरून एकट्याने ढकलून उघडत नाही. शेजारी सांगतात की लोखंडी बसवून टाका, आजकाल सगळे तेच बसवतात. मागच्या महिन्यात एक जण माप घ्यायलाही आला होता. माझा जीव चौकटीत अडकला.

इदीने त्याला चहा दिला आणि परत पाठवला. "राहू दे," तो म्हणाला. "एकट्याला उघडत नाही, तेच बरंय."

मित्रांनो, तुमच्या घरात लाकडाची एखादी वस्तू असेल तर तिला पावसात टाकू नका. ती बोलत नाही, पण पाणी लक्षात ठेवते. म्हातारी झाली म्हणून तिला अडगळीत फेकू नका, तिच्या करकरण्यामागे काय आहे ते एकदा विचारा. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही घर घ्यायला निघाल तेव्हा रविवारी जाऊन भुलू नका. सोमवारी जा, पावसात जा, कामाच्या वेळेला जा. कोणती जागा जवळ आणि कोणती लांब, हे नकाशा सांगत नाही. घरी पोचलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघा, ते सांगतील.

आत्ता पाऊस लागला आहे. चढाखाली बस थांबल्याचा आवाज आला, उजेड अजून आहे. इदी बसमध्ये चांगली झोप काढून येतो, म्हणून त्याची पावले ताजी पडतात. शानीने अभ्यास बाजूला ठेवला आणि ती माझी कडी धरून उभी राहिली आहे. आज शाळेत काय काय झाले ते तिच्या ओठांवर येऊन थांबले आहे. तो बाहेरून खांदा लावेल, ती आतून ओढेल. मी थोडे आढेवेढे घेईन, आणि मग उघडेन.